पालथा प्याला

फार जुन्या काळातली ही गोष्ट नाही. हिमालयातल्या एका खोऱ्यात, जिथे मोबाइलची रेंज एका वळणावर असते आणि पुढच्या वळणावर नसते, तिथे एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्येला घेऊन वस्तीवस्तीतून हिंडत होते.

वैद्य तिबेटी होते. आठ वर्षांचे असताना आईचे बोट धरून त्यांनी डोंगर ओलांडला, तो पुन्हा मागे फिरण्यासाठी नव्हे. तरुणपणी काही वर्षे ते मठात राहिले, मग वैद्यकी शिकले, आणि नंतरची वीस वर्षे विदर्भात, गोंदियाकडच्या तिबेटी वसाहतीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. त्यामुळे त्यांना मराठी चांगली येत असे, आणि तीही तिकडच्या वळणाची. म्हातारपणी ते पुन्हा डोंगरात आले होते. खांद्यावर औषधांची पेटी आणि अंगरख्याच्या घडीत स्वतःचा लाकडी प्याला, एवढाच त्यांचा संसार.

शिष्या मिरजेची. आयुर्वेदाची पदवी घेतलेली, तिशीला टेकलेली. नाडीपरीक्षा शिकण्यासाठी ती सहा महिने त्यांच्याबरोबर राहणार होती. मुलगी हुशार आणि कष्टाळू होती. तिच्यात एक गुण असा होता, की तिच्या हातांना स्वस्थता ठाऊक नव्हती. जिथे उतरेल तिथले अंथरूण घडी घालून ठेवील, पाणी भरील, भांडी घासून टाकील. कोणाच्या घरी पाहुणी म्हणून बसून राहणे तिला अपराधासारखे वाटे. तिच्या आईने तिला तसेच वाढवले होते. पानात टाकायचे नाही, आणि खरकटे भांडे मोरीत पडू द्यायचे नाही.

भाद्रपद सरत आला असताना दोघे एका उतारावरच्या तिबेटी वस्तीत पोहोचले. साठ-सत्तर घरे, पत्र्याची छपरे, छपरांवर दगड, आणि घराघरांमधून वाऱ्यावर हलणाऱ्या प्रार्थनेच्या पताका. त्यांचा मुक्काम आमा यूडॉनच्या घरी होता. आमा म्हणजे आई. वस्तीत मोठ्या बाईला सगळे आमाच म्हणतात. यूडॉन साठीकडे झुकलेली, गोल चेहऱ्याची, विधवा बाई होती. अठरा हिवाळे तिने सांगलीत रस्त्याच्या कडेला स्वेटर विकले होते.

"मिरज?" शिष्येचे गाव ऐकताच ती ओरडलीच. "मग ताई, तुमच्या घरात माझा स्वेटर असणार! कोणत्या रंगाचा आहे सांगा."

"आईचा मरून आहे. बटणं पुढून."

"तोच! किती भांडली असेल तुमची आई माझ्याशी. मिरजेच्या बायका फार भांडतात. अडीचशेचा शंभरला मागतात आणि वर म्हणतात, पिशवी द्या."

वैद्यांना ती 'आमची-ला' म्हणून हाक मारी. तिबेटीत वैद्याला आमची म्हणतात आणि ला हे आदराचे. शिष्येला या शब्दाची गंमत वाटे. आमाकडे त्याचीही एक आठवण होती. एकदा सांगलीत तिला ताप चढला. तापात ती सारखी "आमची, आमची" करत होती, आणि घरमालकीण उशाशी बसून विचारत होती, "अहो, तुमची कोण? नाव तरी सांगा!"

सगळे हसले. मग चहा आला. लोणी आणि मीठ घातलेला तो दाट चहा. घुसळायचे उंच लाकडी नळकांडे आमाच्या कोपऱ्यात शोभेला उभे होते, ती मिक्सर वापरत होती. शिष्येने प्याला तळापर्यंत रिकामा केला. आमाने लगेच भरला. शिष्येने तोही संपवला. आमाने पुन्हा भरला. पाचव्या प्याल्याला शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "हे थांबवायचं कसं?"

"पिऊ नको."

"पण मग टाकायचं?"

"टाकू पण नको. असू दे तसंच."

आमा डोळे पुसत हसत होती. "ताई, तुम्हाला संपवायचं आहे आणि मला भरायचं आहे. दोघी हट्टी! घरातलं लोणी आज संपतं बघा."

तेव्हा वैद्यांनी सांगितले, की या घरांमध्ये प्याला रिकामा दिसू देत नाहीत. घोट घोट घ्यावा, उरलेला राहू द्यावा. शिष्येने मान डोलावली. कानांनी ऐकले. हातांपर्यंत मात्र ते गेले नाही.

आमाचा मुलगा रिगझिन कोपऱ्यात बसून बूट पुसत होता. तेवीस वर्षांचा, लाजरा, कानात बाळी. तीन वर्षे तो ट्रकवर क्लीनर होता. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच तो स्वतः चालक म्हणून खिंड ओलांडणार होता. बटाट्याच्या गोण्या पलीकडे लडाखात पोहोचवायच्या. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. आमा येता-जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती, आणि तो येता-जाता डोके बाजूला घेत होता.

पहाटे शिष्या झऱ्यावर गेली. तिने अंघोळ केली, कपडे धुतले, दगडांवर थोडे वाळत घातले. परत येईपर्यंत ऊन उतारावर आले होते. घरात कोणी नव्हते. वैद्य शाळेच्या पडवीत रोगी तपासायला गेले होते, आणि आमा मुलाला निरोप द्यायला खाली रस्त्यापर्यंत उतरली होती.

बैठ्या चौरंगावर एक लाकडी प्याला होता, काठोकाठ भरलेला. चहा गार झाला होता आणि वर लोण्याची पिवळी साय धरली होती. घाईत मुलगा प्यायचा विसरला असणार, असे शिष्येला वाटले. तिने चहा बाहेर झेंडूच्या वाफ्यात ओतला. गरम पाण्याने, राखेने, मग साबणाने प्याला घासला. ओशटपणा गेल्यावर लाकडाच्या रेघा छान दिसू लागल्या. मग आपल्याकडे सगळे ठेवतात तसा तिने तो पाणी निथळायला खिडकीत पालथा घातला. केर काढला. आणि एक चांगले काम हातून झाल्याच्या समाधानाने ती उंबऱ्याशी केस विंचरत बसली.

आमा चढ चढून आली ती हसत. "गेला," ती म्हणाली. "हॉर्न वाजवत गेला. सगळ्या वस्तीला उठवलं." ती आत गेली.  आतूनच तिने विचारले, "ताई, हा असा कोणी ठेवला?"

"मी धुतला आमा," शिष्या बाहेरूनच म्हणाली. "चहा तसाच राहिला होता."

मग शिष्या आत गेली. आमा खिडकीसमोर उभी होती. दोन्ही हात तिने कमरेला पुढून बांधलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात गुंडाळून धरले होते, जणू प्याल्याला चुकून हात लागेल अशी भीती वाटावी. तिचा चेहरा इतका उतरला होता, की शिष्येने तिला धरून खाली बसवले.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तुमची चूक नाही ताई. तुम्हाला कुठे माहीत." आमा अगदी हळू बोलत होती. "आमच्यात माणूस प्रवासाला निघाला, की त्याच्यासमोर त्याचा प्याला भरायचा. तो पीत नाही. भरलेला ठेवून जातो. मग प्याला त्याची वाट बघतो. माणूस येतो, मग पितो."

शिष्येने विचारले, "आणि पालथा?"

आमाने डोळे मिटले. "माणूस मेला, की त्याचा प्याला पालथा घालतात. आता प्यायला कोणी येणार नाही म्हणून."

शिष्येने कसाबसा विचार केला. "मी लगेच चहा करते. पुन्हा भरते."

"कसा भरणार? तो गेला. त्याने बघायला पाहिजे, आपला प्याला भरला म्हणून." आमाने मांडीवरचे कापड सारखे केले. मग म्हणाली, "याचा बाप रस्त्याच्या कामावर होता. पंधरा वर्षं झाली. त्या दिवशी घरात लोणी नव्हतं. मी म्हटलं, संध्याकाळी तर येणार, आज नाही भरला तर काय होतं. दुपारी डोंगर आला खाली." तिने खिडकीकडे पाहिले. "तेव्हापासून मी एकदा पण चुकले नाही ताई. रिगझिन शाळेत गेला तरी भरला. दवाखान्यात गेला तरी भरला."

शिष्येने पाय धरले, माफी मागितली. आमाने तिला उठवले आणि "तुमची चूक नाही" असे पुन्हा म्हटले. रागावली असती तर शिष्येला बरे वाटले असते.

एवढ्यावर थांबले नाही. अकराच्या सुमारास वरून आलेल्या जीपवाल्याने वस्तीच्या दुकानात सांगितले, की खिंडीच्या अलीकडे दरड कोसळली आहे. गाड्या अडकल्या आहेत. कोणी सापडले आहे की नाही, त्याला ठाऊक नव्हते. आमाने रिगझिनला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग तिने फोन मांडीवर ठेवला, जपमाळ हातात घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चुलीवरचा भात तसाच राहिला. पालथ्या प्याल्याला दोघींपैकी कोणीही हात लावला नाही.

शिष्या धावत शाळेच्या पडवीत गेली. वैद्य एका म्हातारीची नाडी पाहत होते. ती समोर उभी राहिलेली दिसली, तरी त्यांनी नाडीवरची बोटे उचलली नाहीत. म्हातारीला पुड्या बांधून देऊन झाल्यावर त्यांनी विचारले, "काऊन पोरी, धापा टाकत आलीस?"

तिने सगळे सांगितले. सांगताना रडली.

"प्याला नीट धुतलास?" त्यांनी विचारले.

"हो."

"ओशट नाही राहिला ना?"

"नाही गुरुजी. पण त्याचं आता काय? तुम्ही चला. तिला सांगा, की ही नुसती समजूत आहे. प्याल्यानं कोणी मरत नाही."

"तू सांगून बघितलंस?"

"माझं ती कशी ऐकेल?"

"तुझी आई अशीच काळजीत बसलेली असेल आणि कोणी आगंतुक येऊन म्हणेल, बाई, ही नुसती समजूत, तर तुझी आई त्याला चहा तरी विचारेल का?"

शिष्येने डोळे पुसले. मग म्हणाली, "मी पुन्हा जाऊन तिची माफी मागते."

"किती वेळा मागितलीस?"

"चार-पाच वेळा."

"मग पुरे झालं. माफी मागितली की तू थोडी हलकी होतेस. तिचं ओझं मात्र होतं तिथंच आहे. आणि वर तुला 'असू दे, असू दे' म्हणायचं काम तिच्या डोक्यावर." वैद्यांनी पुढच्या रोग्याला खूण केली. "अजून तिघं आहेत. सकाळपासून बसलेत. बैस."

ती बसली. ते तिघे तिला तीस जणांसारखे वाटले.

दोघे घरी पोहोचले तेव्हा आमा त्याच जागी होती. वैद्यांना पाहून ती उठू लागली. त्यांनी हातानेच नको म्हटले. विचारपूस केली नाही, धीर दिला नाही. ते सरळ खिडकीशी गेले आणि रिगझिनच्या प्याल्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अंगरख्याच्या घडीतून आपला स्वतःचा प्याला काढला. कडा झिजून पातळ झालेला, तळाशी काळपट पडलेला. शिष्येकडून पाणी मागून घेतले, प्याला विसळला, कापडाने पुसला. आणि रिगझिनच्या प्याल्याशेजारी पालथा घालून ठेवला.

"आमची-ला!" आमा किंचाळलीच. जपमाळ तिच्या हातातून पडली. "हे काय करता? नका असं करू! उचला तो!"

शिष्याही चरकली. वैद्य मात्र शांतपणे गादीवर येऊन बसले आणि त्यांनी बाही मागे सारून मनगट पुढे केले.

"पोरी, नाडी बघ."

तिने तीन बोटे ठेवली. जरा जोरातच दाबली.

"दाबू नको. घाई पण करू नको. काय म्हणते?"

"चालते आहे गुरुजी."

"नीट बघ. चालते की थांबली?"

"चालते. जरा मंद आहे, पण एकसारखी."

"आता यूडॉनला दाखव."

आमाने आधी हात मागे घेतला. मग तिने वैद्यांच्या मनगटावर बोटे टेकवली. शिष्येने ती योग्य जागी सरकवली. 

"माझा प्याला पालथा आहे," वैद्य म्हणाले. "तुझ्यासमोर घातला. सांग, मी मेलो का?"

आमाचे डोळे भरले होते. नाक ओढत ती म्हणाली, "अजून नाही."

वैद्य खळखळून हसले. "अजून नाही! याहून बरोबर उत्तर मला पण देता येणार नाही." हसणे ओसरल्यावर ते बोलू लागले. "मी मठात होतो तेव्हा आमच्या वृद्ध गुरूंनी एक सवय लावली होती. निजण्याआधी आपला प्याला धुवायचा आणि उशाशी पालथा घालायचा. उद्याची सकाळ आपल्याला कोणी लिहून दिलेली नाही, हे विसरू नये म्हणून. आणि सकाळी डोळे उघडले, की पहिलं काम प्याला सुलटा करायचा. आजचा दिवस मिळाला. मठ सुटला, पण ती सवय सुटली नाही. रोज मी तो पालथा घालतो आणि रोज सुलटा करतो."

"ते लामा लोकांचं," आमा म्हणाली. आता तिच्या आवाजात थोडी धार होती. "मी साधी बाई आहे. मला दिवस नको. मला माझा मुलगा पाहिजे."

वैद्यांनी मान हलवली. "खरं आहे. म्हणून तुला मी खोटं सांगणार नाही यूडॉन. रिगझिन आत्ता कुठे आहे, मला माहीत नाही. त्या प्याल्याला पण माहीत नाही. सकाळी भरलेला होता, तेव्हाही त्याला माहीत नव्हतं. भरलेला प्याला डोंगरावरचा दगड थोपवून धरत नाही, आणि पालथा प्याला दगड ढकलत नाही."

"मग भरायचा कशाला?" आमाने विचारले. हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असावा. तो ऐकून तिची तीच दचकली.

"तुझ्यासाठी. तो निघून जातो, आणि तुझ्या घरात त्याची जागा राहते. त्याच्यासाठी तुझा हात चालतो. आईच्या हाताला काही तरी करायला पाहिजे ना. एवढं चांगलं काम आहे ते. पण तू त्या बिचाऱ्या प्याल्यावर पहाऱ्याचं काम टाकलंस. ते त्याला कसं जमावं?" वैद्यांनी बाही खाली ओढली. "आणि आणखी एक ऐक. पंधरा वर्षांपूर्वी घरात लोणी नव्हतं, म्हणून डोंगर कोसळला नाही."

आमाने त्यांच्याकडे पाहिले.  "मग कशाने कोसळला?"

"पाऊस झाला होता. माती सैल होती."

इतके साधे उत्तर तिला आजवर कोणी दिले नव्हते. आणि कसे देणार? तिने तो प्रश्न कोणाला विचारलाच नव्हता. आमाने पदरासारखे ते पट्ट्यांचे कापड तोंडाला लावले आणि ती रडू लागली. सकाळपासून तिने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. शिष्येला वाटले, जवळ जावे, पाठीवर हात ठेवावा, पाणी द्यावे. वैद्यांनी डोळ्यांनीच तिला थांबवले. ती मुकाट्याने बसून राहिली. काही न करता बसणे किती कठीण असते, ते तिला त्या दुपारी कळले.

रडून झाल्यावर आमा उठली, तिने तोंड धुतले आणि भात चुलीवरून उतरवला. तिघे जेवले. कमी जेवले, पण जेवले. प्याल्यांकडे बोट दाखवून आमाने विचारले, "हे?"

"असू देत तसेच," वैद्य म्हणाले. "सकाळी ज्याला दिवस मिळेल त्याने सुलटे करावेत."

संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. दरडीची नवी बातमीही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्येला जाग आली तेव्हा खिडकीत ते दोन प्याले तसेच शेजारी शेजारी बसले होते. तिचे हात शिवशिवले. उठावे, रिगझिनचा प्याला पटकन सुलटा करावा, चहा भरावा, म्हणजे आमा उठेल तेव्हा सगळे पहिल्यासारखे असेल. ती पांघरुणातून अर्धी उठलीसुद्धा. मग तिच्या मनात आले, हे काम माझे नाही. काल मी न विचारता पालथा केला, आज न विचारता सुलटा केला, तर फरक तो काय पडला? ती पुन्हा आडवी झाली आणि पांघरुणाच्या काठावरून पाहत राहिली.

आमा उठली. देवापुढे तिने धूप घातला. चहा उकळला, मिक्सरमध्ये लोणी घातले, आणि त्या घरघराटाने वस्तीतली कुत्री भुंकू लागली. मग ती खिडकीशी आली. आधी तिने वैद्यांचा प्याला सुलटा केला, भरला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"मिळाला का, आमची-ला?"

"मिळाला," वैद्य म्हणाले. "तुला?"

 रिगझिनचा प्याला आमाने उचलला. पालथाच हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. बाहेर कोणी तरी बकऱ्यांना हाकत होते. मग तिने प्याला सुलटा केला, आतून कापडाच्या टोकाने पुसला, आणि काठोकाठ भरून चौरंगावर ठेवला. एक पाऊल मागे सरून तिने तो नीट मध्यभागी आहे ना ते पाहिले.

"मला पण मिळाला," ती म्हणाली. मग पांघरुणाकडे वळून, "ताई, जाग्या आहात ते दिसतंय मला. एकच सांगते. आज हा धुवायचा नाही!"

शिष्या रडावे की हसावे या घोटाळ्यात उठून बसली. आमा मात्र हसत होती. डोळे सुजलेले, चेहरा ओढलेला, तरी ते हसू खरे होते.

फोन आला तो साडेदहाला. रिगझिन खिंडीपलीकडच्या गावातून बोलत होता. दरड त्याच्या पुढे चार वळणांवर पडली होती. दिवसभर आणि रात्रभर गाड्यांची रांग लागली होती, रस्ता मोकळा झाला तो पहाटे. तो ट्रकमध्येच झोपला आणि मागच्या गाडीवाल्याने दिलेली सफरचंदे खाऊन राहिला. आमाने एवढे ऐकून घेतले आणि मग जो तोंडाचा पट्टा सोडला, तो तिबेटी न कळणाऱ्या शिष्येलाही पुरता कळला. फोन कशाला दिलाय, गाणी ऐकायला? डोंगरावर चढून रेंज बघता येत नव्हती? कानटोपी घातली होती का? फोन ठेवल्यावर आमा घराबाहेर गेली आणि सगळ्या उताराला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारणीला बातमी सांगू लागली.

वैद्य आणि शिष्या शाळेच्या पडवीकडे निघाले. वाट चढणीची होती. शिष्येला हवेत चालल्यासारखे वाटत होते.

"गुरुजी, किती बरं झालं," ती म्हणाली. "फोन आला म्हणून आमा सावरली. नाही तर काय झालं असतं, कोण जाणे."

वैद्य चालता चालता थांबले. पेटी त्यांनी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि विचारले, "फोन किती वाजता आला?"

"साडेदहाला."

"आणि प्याला कधी सुलटा झाला?"

शिष्या उत्तर द्यायला गेली आणि थबकली. खिडकीतला तो प्रसंग तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहिला. प्याला पालथाच धरून उभी असलेली आमा. तेव्हा फोन नव्हता, बातमी नव्हती, मुलगा आहे की नाही हेही ठाऊक नव्हते. काही म्हणजे काही हाती नसताना त्या बाईने मनगट वळवले होते.

"आधी," शिष्या हळूच म्हणाली. "खूप आधी."

 वैद्य पुन्हा चालू लागले. पडवीत रोगी येऊन बसले होते. पहिल्या म्हाताऱ्याचे मनगट त्यांनी शिष्येच्या हाती दिले. तिने तीन बोटे टेकवली, या खेपेला अगदी हलकी, आणि त्या बोटांखाली काय चालले आहे ते ती स्वस्थपणे ऐकत राहिली.

आपल्याही घरात कधी तरी एखादा प्याला पालथा पडतो, आणि तो सुलटा करायला चांगल्या बातमीची वाट पाहावी लागत नाही.